शाळेच्या लॅबमधलं डेबियन: प्रकल्प नोंदी, एप्रिल ते नोव्हेंबर २०२५

२२ एप्रिल २०२५

वार्षिक परीक्षा आटोपत आल्यात. लॅब आता आपलीच, म्हणून मोजदाद सुरू केली. लॅबमध्ये २२ मशीन, वाचनालयात ३, ऑफिसमध्ये ३, आणि कपाटाशेजारी एक जुना टॉवर, ज्याला सगळे आदराने 'सर्व्हर' म्हणतात. ऑफिसची तिन्ही विंडोज १० वर. टॉवरवर सेंटओएस ७. लॅबमध्ये सगळीकडे डेबियन ११ (सेंटओएस आणि डेबियन दोन्ही विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत लिनक्स सिस्टिम), वाचनालयात एकावर ११ आणि दोघांवर अजून डेबियन १०.

डेडस्टॉक रजिस्टर काढलं. खरेदीची तारीख, किंमत, देणगीदाराचं नाव, टेबलखुर्चीचा नंबर, सगळं आहे. आतली सिस्टिम कधीपर्यंत चालवायची हे कुठेच नाही. पेन्सिलने एक रकाना आखला, 'सपोर्ट कधीपर्यंत', आणि भरायला बसलो.

डेबियन १० चा वाढीव सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. सेंटओएस ७ चाही नेमका त्याच दिवशी. म्हणजे गेलं जवळपास वर्षभर या तीन मशीनना एकही सुरक्षा दुरुस्ती आलेली नाही. त्यातली दोन वाचनालयात आहेत, जिथे पोरं पोलीस भरतीचे फॉर्म भरतात, आधार नंबर आणि बँकेचे तपशील टाकतात. बाकी काही करण्याआधी त्या दोघांची नेटची वायर काढून ठेवली.

२४ एप्रिल २०२५

तारखांचा दिवस. कागदावर मांडल्याशिवाय मला हे समजत नाही.

डेबियन साधारण दोन वर्षांनी एक स्टेबल, म्हणजे रोजच्या वापराची पक्की, आवृत्ती काढतं. पहिली तीन वर्षं त्यांची सिक्युरिटी टीम बघते. पुढची दोन वर्षं एलटीएसवाली (लाँग टर्म सपोर्टची) वेगळी टीम, जिचा खर्च प्रायोजक कंपन्यांच्या पैशातून निघतो. एकूण पाच वर्षं. डेबियन ११, म्हणजे बुल्सआय, १४ ऑगस्ट २०२१ ला आलं. मुख्य टीमने ते १४ ऑगस्ट २०२४ ला सोडलं, एलटीएस ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत. डेबियन १२, बुकवर्म, १० जून २०२३ चं. मुख्य सपोर्ट १० जून २०२६, एलटीएस ३० जून २०२८.

आता हे शाळेच्या वर्षावर ठेवून बघितलं. बस्टर, म्हणजे डेबियन १०, जुलै २०१९, बुल्सआय ऑगस्ट २०२१, बुकवर्म जून २०२३. तिन्ही विषम वर्षी, आणि तिन्ही पावसाळ्यात, जेव्हा शाळा नुकतीच उघडलेली असते किंवा उघडायच्या बेतात असते. त्या वर्षी लॅबला हात लावायची सोयच नसते. मग येतो पुढच्या वर्षीचा मे. तोवर नवं स्टेबल नऊ ते अकरा महिन्यांचं झालेलं असतं आणि जुन्याच्या मुख्य सपोर्टचे शेवटचे थोडेच महिने उरलेले असतात. म्हणजे सम वर्षाची उन्हाळी सुट्टी हीच लॅबची खरी वेळ. मे २०२४ मध्ये हे व्हायला हवं होतं. तेव्हा लॅब कोणाच्याच ताब्यात नव्हती, म्हणून यंदा एक वर्ष उशिरा.

एका मित्राने फोनवर उबंटू २४.१० ही दुसरी लिनक्स सुचवली, 'दिसायला एकदम भारी'. ऑक्टोबर २०२४ चं ते, नऊ महिन्यांच्या सपोर्टचं. जुलैत संपणार, म्हणजे पोरांना पासवर्ड पाठ व्हायच्या आत. उबंटूचं एलटीएस वेगळं, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येतं आणि पाच वर्षं टिकतं. तो विचार केला होता. पण २ जीबीच्या मशीनवर डेबियन आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बरं चालतं, आणि दोन घरांचा संसार मला सांभाळायचा नाही.

सेंटओएसबद्दल एवढंच: आवृत्ती ८ ला २०२९ पर्यंतचा शब्द होता. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ३१ डिसेंबर २०२१ ला बंद. लोकांनी नुकतीच सर्व्हरवर चढवली होती. लिहिलेली तारीख कोणाच्या हातात आहे, हेही बघावं लागतं.

दुपारी ऑफिसमधल्या नानांनी कागद बघितला. "मना कॉम्प्युटर चालू शे ना भो, मंग कसाले हात लावस?" म्हटलं, नाना, तुमचं ऑक्टोबरपर्यंत चालू द्या, नंतर बोलू.

३० एप्रिल २०२५

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गावात झोके बांधलेत, शाळेत चिटपाखरू नाही. घरून रात्री डेबियन १२ ची इमेज, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, उतरवली. चेकसम (फाइल बदलली नाही ना ते सांगणारा आकडा) आणि त्यावरची सही दोन्ही तपासली. फक्त चेकसम जुळवून समाधान मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: ज्याने इमेज बदलली तो शेजारची चेकसमची फाइलही बदलू शकतो. सहीची किल्ली त्याच्याकडे नसते.

४ मे २०२५

लॅबमधल्या ९ मशीनवर डेबियनची ३२-बिट आवृत्ती, आय-३८६, आहे. सगळे समजून होते की ही मशीनच ३२-बिट आहेत. प्रत्येकावर एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती देणारी कमांड चालवून बघितली. सहांमध्ये कोअर टू ड्युओ प्रोसेसर निघाला, आणि 'ऑपरेटिंग मोड'च्या ओळीत ३२-बिट, ६४-बिट दोन्ही. मेमरी कमी म्हणून कधीतरी कोणीतरी ३२-बिट टाकलं असणार, त्या काळी तसा सल्ला सर्रास दिला जायचा. उरलेली तीन छोटी लॅपटॉपवजा मशीन देणगीत आलेली, जुन्या ॲटम प्रोसेसरची. ती खरोखरच ३२-बिट.

हे आज कळणं महत्त्वाचं. पुढचं स्टेबल, ट्रिक्सी, ३२-बिट पीसीसाठी कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इन्स्टॉलर देणारच नाहीये. सहा मशीनचं आयुष्य एका ओळीमुळे वाढलं.

चालू सिस्टिमला ३२ वरून ६४ वर नेता येतं, पण ते उद्योग निवांत माणसाने करावेत. मी घरचं फोल्डर बाजूला काढून पुसून नवीनच टाकणार.

८ मे २०२५

इंटरनेट. हा खरा अडथळा. एका मशीनच्या अपग्रेडला दीड जीबीच्या आसपास डाउनलोड, आणि शाळेची लाइन दुपारनंतर मुंगीच्या पावलांनी चालते. टॉवरवरचं सेंटओएस काढून डेबियन १२ टाकलं आणि त्यावर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवलं. पहिल्या मशीनने पॅकेज (एखाद्या प्रोग्रामचा गठ्ठा) मागितलं की ते बाहेरून येतं, पुढच्या सगळ्यांना टॉवरच्या डिस्कवरून मिळतं. पॅकेजच्या याद्यांवर डेबियनची सही असते, त्यामुळे मधल्या टॉवरवर आंधळा विश्वास ठेवावा लागत नाही. एक अक्षर बदललं तरी ॲप्ट, म्हणजे पॅकेज आणणारा डेबियनचा प्रोग्राम, नकार देतं.

६४-बिटच्या १३ मशीनवर ११ वरून १२ असं जागच्या जागी अपग्रेड करायचं. सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेज कुठून घ्यायची त्या यादीत) बुल्सआयच्या जागी बुकवर्म, आणि 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा नवा भाग जोडायचा. १२ पासून वायफाय आणि ग्राफिक्सचं बंदिस्त फर्मवेअर (त्या हार्डवेअरला लागणारं आतलं सॉफ्टवेअर) त्यांनी वेगळ्या भागात हलवलंय. हा शब्द जोडला नाही तरी अपग्रेड पूर्ण होतं, पण फर्मवेअरची नवीन आवृत्ती कधीच येत नाही. मग सहा महिन्यांनी वायफाय का रुसलं याचा शोध सुरू होतो.

वाचनालयातली १० वाली दोन मशीन थेट १२ वर उडी मारू शकत नाहीत. डेबियन एकेक पायरीचंच अपग्रेड मान्य करतं: १० वरून ११, मग १२. त्यापेक्षा तीही पुसून नव्याने.

१६ मे २०२५

अवकाळी वारा-पाऊस. लाइट दिवसातून कितीदा जाते याला सुमार नाही. रावेर-यावलकडे केळी आडवी झाल्याच्या बातम्या, त्यापुढे माझी लॅब काय. तरी अपग्रेडच्या मध्यात लाइट जाणं म्हणजे अर्धवट बसलेली पॅकेजेस. एका वेळी चारच मशीन इन्व्हर्टरवर घ्यायची असं ठरवलं.

कालपासून ट्रिक्सीचा हार्ड फ्रीज सुरू झाला. डेबियनची ही पद्धत मला आवडते. मार्चच्या मध्यात मोठ्या उलथापालथी बंद, एप्रिलच्या मध्यात सॉफ्ट फ्रीज, म्हणजे नवीन पॅकेजेस आत नाहीत आणि बदल लहानसेच. आता मेमध्ये महत्त्वाच्या पॅकेजला हात लावायचा तर रिलीज टीमची परवानगी. रिलीजची तारीख आधी ठोकून त्याप्रमाणे पळत नाहीत. रिलीज अडवणारे बग आटोक्यात आले की मग तारीख सांगतात. दहावीचा एक पोरगा सुट्टीतही येतो, त्याने विचारलं, "सर, मग टेस्टिंगच टाकू ना, त्यात सगळं नवीन असतं."

टेस्टिंग म्हणजे पुढच्या स्टेबलची तयार होत असलेली आवृत्ती, आणि अनस्टेबल त्याहून कच्ची. त्याला मार्च २०२४ ची एक्सझेडची गोष्ट सांगितली. एक्सझेड हे फाइली आवळण्याचं साधं साधन, पण जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याच्या मूळ प्रकल्पात कोणीतरी दोन-अडीच वर्षं सज्जनपणे काम करून विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून जाण्याची सोय) लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने मुळाशी जाऊन २९ मार्च २०२४ ला ते उघड केलं. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये पोचली होती. स्टेबलमध्ये नव्हती, कारण स्टेबलमध्ये नवीन काही असं सहज जातच नाही.

पोराने ऐकलं आणि म्हणाला, "मग घरच्यावर टाकतो." टाक म्हटलं. घरचं त्याचं आहे.

५ जून २०२५

लॅबची १९ मशीन डेबियन १२, ६४-बिटवर. तीन छोटी १२ च्या ३२-बिटवर. वाचनालय झालं, वायर परत जोडली.

आता आपोआप अपडेट. हे घरी सोपं आणि शाळेत किचकट का, ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण याबद्दल कुठे वाचायला मिळत नाही.

अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू केलं की सिस्टिममधले दोन टायमर काम करतात. एक याद्या आणतो, दुसरा सकाळी सहाच्या सुमारास सुरक्षा दुरुस्त्या बसवतो. सहा वाजता आमच्या शाळेत कुलूप उघडणारे जिभाऊ सोडून कोणीच जागं नसतं. मशीन बंद होतं आणि वेळ चुकली, तर टायमर ते काम मशीन सुरू झाल्यावर करायला घेतो. तासाची घंटा होते, बावीस पोरं एकदम बटणं दाबतात, आणि थोड्याच वेळात बावीस मशीन टॉवरला धडका मारू लागतात. तास ३५ मिनिटांचा. घंटा झाली की मॅडम "बंद करा" म्हणतात आणि शेवटच्या बाकावरचा कोणीतरी भिंतीवरचं मेन बटणच पाडतो. तेवढ्यात एखाद्या मशीनवर डीपीकेजी (पॅकेज बसवणारं साधन) मध्यावर असेल तर पुढच्या वेळी ॲप्ट रुसून बसतं.

उपाय: लॅबमध्ये दोन्ही टायमर बंद केले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी सगळी मशीन लावतो आणि टॉवरवरून एकाच स्क्रिप्टने एसएसएच करून सगळीकडे अपडेट चालवतो. कर्नल बदलला असेल तर रीबूट. दुरुस्ती बसवूनही मशीन जुन्या कर्नलवरच चालू राहिलं तर काही बसवलंच नाही असं समजायचं. 'रीबूट रिक्वायर्ड' नावाची फाइल तयार झाली का, एवढं स्क्रिप्ट बघते. वाचनालयाची मशीन दिवसभर चालू असतात, तिथे टायमर आहेत तसेच. टॉवरवरही आपोआप, फक्त रीबूट मी सांगेन तेव्हा.

आठवड्याला एकदा म्हणजे उशीर नाही का? थोडा आहे. ब्राउझरसाठी तो मला खटकतो. बाकीच्यांना चालेल, कारण लॅबची मशीन बाहेरून कोणाला दिसत नाहीत.

१ जुलै २०२५

काल सुडो या ॲडमिनचे अधिकार वापरू देणाऱ्या कमांडमधले दोन दोष जाहीर झाले. गंभीर जो आहे, साध्या वापरकर्त्याला थेट रूट (सगळे अधिकार असलेला) करणारा, तो १.९.१४ ते १.९.१७ या आवृत्त्यांत. आमच्या डेबियन १२ मध्ये १.९.१३. लागूच नाही. दुसरा हलका, पण सुमारे बारा वर्षं जुना. तो आपल्यालाही होता, त्याची दुरुस्ती आली. शनिवारची वाट न बघता आजच फिरवली.

१२ जुलै २०२५

संस्थेने बाहेरच्या एका एजन्सीकडून नेटवर्क तपासून घेतलं. अहवाल आला. टॉवरसमोर लाल शेरा: 'ओपनएसएसएच ९.२, कालबाह्य, अतिगंभीर.' मुख्याध्यापक सरांनी बोलावलं. समोर एजन्सीचा तरुण, हातात टॅबलेट.

ओपनएसएसएच म्हणजे एसएसएच चालवणारा प्रोग्राम. शेऱ्यामागचा दोष माहीत होता. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने जाहीर केलेला, लॉगिन न करता रूट मिळवण्याची शक्यता असलेला. ८.५ ते ९.७ मधल्या आवृत्त्यांना लागू. आवृत्तीचा नुसता आकडा बघितला तर ९.२ त्यात बसतं, हे बरोबर. पण त्यांचं साधन फक्त तेवढाच आकडा वाचून मोकळं झालं होतं.

डेबियन स्टेबलमध्ये दोष सापडला की सहसा नवी आवृत्ती आणत नाही. मूळ प्रकल्पाने केलेल्या दुरुस्तीतला नेमका तेवढा भाग उचलून आपल्या जुन्या आवृत्तीत बसवतं. दाराची कडी तुटली तर कडी बदलायची, अख्खं दार काढून नवं बसवत नाहीत. म्हणून पॅकेजचं पूर्ण नाव वाचावं लागतं: ९.२पी१, आणि शेवटी 'डेब१२यू३'. ती शेपटी म्हणजे डेबियन १२ मधली तिसरी दुरुस्ती, आणि याच दोषाची. आमच्याकडे त्याच्याही पुढची होती. डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर सीव्हीईचा नंबर (दोषाचा ओळख क्रमांक) टाकून त्याला दाखवलं, मग मशीनवरचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, उघडून दाखवला.

गंमत म्हणजे लॅबमध्ये आधी असलेल्या डेबियन ११ ला हा दोष नव्हताच. तिथे ८.४ होतं. दोष ८.५ पासून परत शिरला, २००६ सालचाच जुना दोष.

तरुण भला होता. म्हणाला, "सर, रिपोर्ट मशीनच काढतं, मी शेरा बदलून देतो, फक्त लेखी द्या." लेखी दिलं. सरांनी नंतर विचारलं, की मग जुनं ठेवावं की नवं? म्हटलं, जुनं-नवं सोडा सर, मागे दुरुस्ती करणारा माणूस उभा आहे का ते बघा.

१० ऑगस्ट २०२५

काल डेबियन १३, ट्रिक्सी, आलं. राखी पौर्णिमा आणि आदिवासी दिन एकाच दिवशी. चोपड्याकडचा रस्ता मिरवणुकीने भरलेला, तिथे पोचायला दुपार झाली. बहिणीच्या घरी जेवताना फोनवर रिलीजची घोषणा वाचली. तिने ताटाखालून फोन काढून घेतला.

नोंदवायच्या तारखा: मुख्य सपोर्ट ९ ऑगस्ट २०२८, एलटीएस ३० जून २०३०. कर्नल ६.१२. ३२-बिट पीसीबद्दल जे म्हटलं होतं तेच झालं. आय-३८६ आता फक्त ६४-बिट सिस्टिमवर एखादा जुना ३२-बिट प्रोग्राम चालवण्यापुरतं. त्या तीन छोट्या मशीनना १२ च्या पुढे रस्ता नाही, आणि रिलीज नोट्समध्ये स्पष्टच लिहिलंय की अशा मशीनवर अपग्रेड करू नका.

दहावीच्या पोराचा रात्रीच मेसेज: "सर लॅबला कधी?" मे २०२६. त्याला पटलं नाही, म्हणून डिसेंबर २०२३ सांगितलं. तेव्हा १२.३ ही पॉइंट रिलीज, म्हणजे साठलेल्या दुरुस्त्यांचा संच, तयार झाली आणि त्यातल्या कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवरचा (डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीतला) डेटा बिघडवू शकणारा दोष निघाला. १२.३ च्या इमेज अडवल्या, लोकांना अपग्रेड थांबवायला सांगितलं, आणि १० डिसेंबरला थेट १२.४ काढली. हे स्टेबलच्या आत, रिलीजनंतर सहा महिन्यांनी. म्हणून माझा नियम: नवं स्टेबल आलं की निदान पहिली पॉइंट रिलीज होईतो एकाही मशीनवर नाही, आणि मुलांच्या मशीनवर सुट्टीशिवाय नाही.

८ सप्टेंबर २०२५

शनिवारी, अनंत चतुर्दशीच्या दिवशी, १३.१ आणि १२.१२ दोन्ही आल्या. विसर्जनामुळे अपडेटचा फेरा आज केला.

पॉइंट रिलीज म्हणजे नवी आवृत्ती नव्हे. साधारण दोन महिन्यांनी साठलेल्या दुरुस्त्यांची मोट. दर आठवड्याला अपडेट करणाऱ्याला त्यात फारसं नवीन काही मिळत नाही. नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याचं मात्र डाउनलोड वाचतं.

मशीन नंबर २२ वर १३.१ टाकलं, चाचणीसाठी. 'टेम्प' फोल्डर आता डिस्कवर नसून मेमरीत राहतं, जास्तीत जास्त निम्मी मेमरी खातं. ८ जीबीवाल्याला कळणारही नाही. आमच्या २ जीबीवर वाचनालयाच्या मॅडमनी जुन्या अंकांचं मोठं स्कॅन केलं आणि मशीन गुदमरलं. सेटिंगने परत डिस्कवर नेता येतं, तसं नेलं आणि मेच्या यादीत लिहिलं. लिबरऑफिस ७.४ वरून २५.२. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, जोडाक्षरं, छपाई ठीक.

जाता जाता: ट्रिक्सीने ३२-बिट एआरएमवर (मोबाइलसारख्या उपकरणांतले प्रोसेसर) वेळेचा आकडा ६४-बिट केला, म्हणजे १९ जानेवारी २०३८ ला घड्याळ उलटायची भीती गेली. पीसीच्या आय-३८६ ला त्यातून वगळलं. त्या तीन मशीनबद्दल आशा ठेवायला जागा नाही.

१५ ऑक्टोबर २०२५

काल विंडोज १० चा सपोर्ट संपला. नानांनी सकाळी स्वतःच बोलावलं. स्क्रीनवर सूचना आली होती.

तीन मशीनपैकी एकच विंडोज ११ च्या अटीत बसतं, बाकी दोघांत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. संस्थांना वर्षावर्षाने वाढीव सुरक्षा सपोर्ट विकत घेता येतो, पण तोही जास्तीत जास्त तीन वर्षं. नुसतं पुढे ढकलणं. शालार्थ (पगार) आणि यू-डायसचं (शाळेची माहिती) काम ब्राउझरमध्ये होतं, तिथे अडचण नाही. अडचण डिजिटल सहीच्या टोकनची आणि नानांच्या वीस वर्षांच्या पत्रांची. पत्रं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसेल तर बोनाफाइडच्या जागी इंग्रजी अक्षरांचा पालापाचोळा दिसतो.

ठरलं ते असं. टीपीएमवालं मशीन विंडोज ११, टोकन आणि जुनी पत्रं तिथे. बाकी दोघांवर डेबियन. आणि इथे १२ नाही, थेट १३. नव्याने टाकायचंच आहे तर दोन महिने जुनं, एक पॉइंट रिलीज झालेलं आणि २०२८ पर्यंत मुख्य सपोर्ट असलेलं सोडून, आठ महिन्यांनी एलटीएसवर जाणारं कशाला? मे ची वाट लॅबसाठी आहे, जिथे चालू असलेलं मोडायची भीती असते.

नानांची एकच अट: "मनी पत्रं कोठे जावाले नको." फोल्डरच्या दोन प्रती काढल्या, एक त्यांच्या हातात दिली.

२७ ऑक्टोबर २०२५

दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसची दोन्ही मशीन झाली. जिभाऊ सध्या कापूस वेचणीला जातात, सकाळी कुलूप उघडून किल्ली मला देऊन गेले. प्रिंटर जुना, तरी पहिल्या फटक्यात चालला. नानांनी मराठीत अर्ज टाइप करून बघितला. युनिकोडचा कीबोर्ड त्यांच्या जुन्या कीबोर्डसारखा नाही, यावर त्यांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

२९ नोव्हेंबर २०२५

१३.२ येऊन दोन आठवडे झाले. नंबर २२ वर सहज बसलं. मे २०२६ चा आराखडा आज पक्का केला.

लॅबची ६४-बिट मशीन, वाचनालय आणि टॉवर १० जून २०२६ च्या आत १३ वर. टॉवर सगळ्यात आधी, कारण बाकीचे त्याच्याकडून पॅकेज घेतात. एखादं मशीन अडलंच तर १२ चा एलटीएस ३० जून २०२८ पर्यंत आहे, पण तो अडीअडचणीसाठी. सगळी लॅब त्याच्या भरवशावर ठेवणार नाही. एलटीएसची टीम लहान असते, आणि काही पॅकेजेसचा सपोर्ट मधेच सोडल्याचं जाहीर करते. ते दाखवणारी छोटी तपासणी, 'चेक-सपोर्ट-स्टेटस', स्क्रिप्टमध्ये घातली.

मे २०२६ मध्ये १३ वर गेलो की पुढची मुदत ९ ऑगस्ट २०२८. म्हणजे त्यानंतरचं काम मे २०२८. परत सम वर्ष. रजिस्टरच्या रकान्यात आता पेन्सिलीऐवजी पेनाने लिहिलं.

तीन ३२-बिट मशीन जूनमध्ये नेटवरून कायमची काढायची. भंगारात नाही, मराठी टायपिंगच्या सरावाला ठेवायची. त्यासाठी नेट लागत नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत सरावाला मशीन कमीच पडतात.

लॅब मेच्या पहिल्या आठवड्यापासून माझ्याकडे द्यावी असा अर्ज दिला. सर म्हणाले, उन्हाळी शिबिर ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये घेऊ, पण दोन मशीन शिबिराला लागतील. १८ आणि १९ दिली. त्यांचा नंबर अपग्रेडच्या यादीत शेवटी टाकला, आणि शिबिराच्या मॅडमना सांगितलं की मशीन परत येतील तेव्हा की-बोर्ड-माउससकट यावीत.